हेल्मेट घेऊन ये

एकोणीसशे एकोणऐंशी साल. ऑक्टोबर संपत आला होता, तरी कतारमधल्या उम्म सैदच्या पाइप यार्डात दुपारी उघड्या हाताने लोखंडाला स्पर्श करायची सोय नव्हती. त्याच महिन्यात लाइल हॅगन नावाचा अमेरिकन यार्डाचा मुख्य होऊन आला आणि पहिल्याच दिवशी त्याने ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा फोटो ठोकला.

फोटोत तो स्वतः होता. बर्फाळ मैदानावर उंच उडी मारलेला, दोन्ही हात वर, बोटं ताणलेली, आणि बोटांपासून वीतभर अंतरावर दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट चेंडू. अमेरिकनांच्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो, तो हातांनीच फेकतात आणि हातांनीच झेलतात. हॅगन तिकडच्या व्यावसायिक संघात सात वर्षं रिसीव्हर होता, म्हणजे लांब पळत जाऊन झेलणारा. फोटो पाहणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वा, काय झेल!" हॅगन काही बोलायचा नाही.

मालविका गद्रे त्या ऑफिसात टायपिस्ट होती. ती नाशिकची. नवरा संजीव इंजिनियर, म्हणून तीन वर्षांपूर्वी दोह्याला आली आणि तिथल्या नजमा वस्तीतल्या दोन खोल्यांत कंटाळून तिने ही नोकरी धरली. पहाटे साडेपाचला कंपनीची बस यायची, खालच्या कॅफेटेरियात तेव्हा पहिला चहा उकळत असायचा. नेमणूक टायपिंगची होती, पण तिचं निम्मं काम दुभाष्याचं. यार्डात पोपटरावांची बारा माणसांची गँग होती, सगळी पाटण तालुक्यातली. त्यांना हिंदी कामापुरतं यायचं आणि हॅगनचं टेक्सासचं इंग्रजी तर केरळच्या स्टोअरकीपरलाही समजत नसे.

मालविकाची भाषांतराची एक रीत होती. हॅगन आईमाईवरून बोलला की ती मराठीत सांगायची, "साहेब म्हणतात, जरा लवकर आवरा." पोपटराव म्हणाले, "याच्या तोंडात वाळू भरली पाहिजे," की ती इंग्रजीत सांगायची, "होईल म्हणतात सर." यामुळे शांतता राहते, असं तिला मनापासून वाटे. आपल्या या रीतीचं थोडं कौतुकही होतं तिला.

हॅगन कुठलीही वस्तू कधी कुणाच्या हातात देत नसे. फेकायचा. हातमोजे, टेप, पाना, गॅस्केट, एकदा तर भरलेला चहाचा थर्मास. "कॅच!" म्हणायचा तेव्हा वस्तू अर्ध्या वाटेत असायची. ज्याने झेलली त्याला हसून दाद द्यायचा, ज्याच्या हातून सुटली त्याची दिवसभर टर उडवायचा. गँगने त्याचं नाव झेल्या ठेवलं होतं. "ताई, आज झेल्याचं काय? हसतोय का चावतोय?" असं जालिंदर रोज सकाळी मालविकाला विचारायचा. जालिंदर गँगमधला सगळ्यात थट्टेखोर.

पोपटराव मात्र झेलत नसत. त्यांच्या दिशेने काही आलं की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. वस्तू छातीवर आपटो, पायावर पडो. पडली की सावकाश वाकायचे, उचलायचे, कपाळाला लावायचे आणि कामाला लागायचे.

चौथ्या की पाचव्या दिवशी हॅगनने मालविकाला विचारलं, "ते कपाळाला काय लावतो तो? मला सलाम ठोकतो? माझी टिंगल चाललीय?"

मालविकाला खरं उत्तर ठाऊक होतं. तिचे वडीलही हातातून पडलेली पट्टी, पुस्तक, स्क्रू ड्रायव्हर कपाळाला लावत. ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार जमिनीवर पडलं, तर त्याची क्षमा मागायची. पण त्या गोऱ्या माणसापुढे हे सांगायची तिला लाज वाटली. लोखंडाची क्षमा मागतात म्हटलं तर हा आपल्याला कोण समजेल?

"घाम पुसतात सर," ती म्हणाली. "सवय आहे."

हॅगनने मान हलवली. त्याला ते पटलं असावं, कारण तेव्हा घाम खरोखरच सगळ्यांना येत होता.

हॅगन मालविकाकडून दर महिन्याला एक खासगी पत्र टाइप करून घ्यायचा. पत्र त्याच्या जुन्या कोचला असायचं. मजकूर थोडाफार बदलायचा, मागणी एकच. नव्या पोरांना झेलायला शिकवायचं काम मला द्या. त्या पत्रांतून मालविकाला त्याची सगळी कारकीर्द तुकड्यातुकड्याने कळली. चौसष्ट साली निवड झाली ती अगदी शेवटच्या फेऱ्यांत, जवळजवळ सगळ्यांनी नको म्हटलं तेव्हा. बारा पावलं सरळ पळायचं, तेराव्याला वळायचं, आणि वळताना चेंडू आधीच हवेत असायला हवा, न बघता तो कुठे आहे ते कळायला हवं. हे तो सरावाच्या मैदानावर अंधार पडेपर्यंत एकटा करायचा, चेंडू टाकायला कुणी नसलं तरी. सात वर्षांत दोनशे अकरा झेल. गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया. डाव्या हाताची करंगळी तीनदा मोडून वाकडी झालेली.

आणि सत्तर सालचा डिसेंबर. शेवटचं अर्धं मिनिट, बर्फ, वर आलेला चेंडू. "तो माझ्या दोन्ही हातांना लागला होता, कोच," हॅगनने एकदा खिडकीकडे बघत सांगितलं आणि मालविकाची पेन्सिल थांबली. "लागला होता आणि पडला. दोनशे अकरा कुणाला आठवत नाहीत."

मालविकाने मान वर करून फोटोकडे पाहिलं. ज्याला सगळे झेल म्हणत होते, तो झेल नव्हताच.

एकाहत्तरच्या ऑगस्टात एका सकाळी एक पोरगेला माणूस हॅगनच्या खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, "कोचनी बोलावलंय. डावांची वही घेऊन ये." वही परत घेतली की खेळाडू संपला. तिकडे तसंच सांगायची पद्धत होती. मग हॅगन पाइपलाइनवर गेला, पाइपलाइनवरून आखातात.

आणि इथे त्याने तीच पद्धत चालू केली. कुणाला काढायचं ठरलं की मालविकाला पाठवायचा. "त्याला सांग, हेल्मेट घेऊन ये." हेल्मेट कंपनीचं. ते टेबलावर ठेवलं की खलास, दोन दिवसांत विमान. डिसेंबरपर्यंत तिने हा निरोप दुसऱ्या गँगांमधल्या चौघांना दिला होता. चौथ्याने तिला विचारलं होतं, "रिकामंच आणू का त्यात डोकं ठेवून आणू?"

कोचचं उत्तर एकाही पत्राला आलं नाही.

जानेवारीत थंडी पडली. वारा समुद्रावरून यायचा, सगळे स्वेटर घालून काम करायचे. एका सकाळी हॅगनने पोपटरावांच्या अंगावर पाना फेकला. तो मांडीला लागून पडला. पोपटरावांनी उचलला, कपाळाला लावला. हॅगन तिथेच उभा राहिला. मग वळून त्याने ऑफिसच्या काचेतून मालविकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आज घाम कुठून आला, मिसेस गद्रे?" आत आल्यावर त्याने विचारलं.

तिने टाइपरायटरमध्ये नवा कागद घातला. अजूनही खरं सांगता आलं असतं. पण आता ते सांगणं म्हणजे आधी खोटं बोललो हे सांगणं होतं.

त्या दिवसापासून हॅगन फक्त पोपटरावांच्या गँगवर फेकू लागला, आणि हळू फेकणं त्याने सोडलं. पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी, त्याने फेकलेली शॅकल, साखळी अडकवायची जड लोखंडी कडी, जालिंदरच्या तोंडावर बसली. दोन दात गेले. जालिंदर रक्त थुंकत म्हणाला, "बरं झालं, भाकरी तशीबी मिळत न्हाई हितं." पण कुणी हसलं नाही.

पोपटराव सरळ ऑफिसात आले. दार ठोठावलं नाही.

"बाई, मी बोलतो ते जसंच्या तसं सांगायचं. साखर घालायची न्हाई."

मालविका दचकली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

"त्याला सांगा, फेकून देतात ते कुत्र्याला. आमी माणसं हाय. हातात द्यायची धमक नसंल तर जमिनीवर ठेव, आमी उचलू."

तिने जसंच्या तसं सांगितलं. पहिल्यांदाच. शब्द एकही गाळला नाही. हॅगनच्या मानेवर लाली चढली.

"याला विचार, हा कधीच का झेलत नाही? घाबरतो?"

"त्याच्या बापाला न्हाई घाबरत," पोपटराव म्हणाले.

"मग उद्या मैदानावर ये. दहा चेंडू. दहाच्या दहा झेललेस तर मी या यार्डात पुन्हा कुणावर काही फेकणार नाही. माझा शब्द. एक जरी पडला, तर हेल्मेट घेऊन ये. एकट्याचं नाही. बाराही हेल्मेटं."

तिने तेही सांगितलं. पोपटरावांनी काचेतून बाहेर गँगकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याला म्हणावं, येतो," आणि बाहेर पडले.

मालविका त्यांच्या मागे पळत गेली. पाइपांच्या थप्पीआड पोपटराव उकिडवे बसले होते. "पोपटराव, नाही म्हणा. मी बोलते त्याच्याशी. तुम्हाला झेलता येत नाही तर—"

"येत न्हाई?" ते तिच्याकडे बघून विचित्र हसले. "बाई, चार वर्सं माझं पोट झेलण्यावर चाललं हुतं."

एकावन्न साली, एकोणीस वर्षांचे असताना, ते कृष्णेवरच्या रेल्वेपुलाच्या कामावर लागले आणि रिव्हेट, म्हणजे पूल जोडायचे लोखंडी खिळे, झेलू लागले. खाली भट्टीवाला लालभडक रिव्हेट सांडशीत धरून वर भिरकवायचा. वर तुळईवर उभं राहून ते पत्र्याच्या डब्यात झेलायचं, चिमट्याने उचलून भोकात घालायचं. दिवसाला तीनशे. "डबा पुढं न्यायचा न्हाई. लोखंड आलं की डबा त्याच्यासंगं मागं जाऊ द्यायचा. मग ते उडत न्हाई." चार वर्षांत एकच चुकलं. खालच्या फळीवर त्यांचा थोरला भाऊ रंगनाथ उभा होता. रिव्हेट त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून आत गेलं. तो झटकायला गेला आणि नदीत पडला. उन्हाळा होता, खाली पाणी कमी, दगड जास्त.

"वैनीच्या पायावर हात ठेवला. तानूबाई तिचं नाव. म्हनलं, हवेतनं आलेली वस्तू परत कधी हातात घेणार न्हाई. पंचवीस वर्सं झाली. पोरीनं लाडानं फेकलेला चेंडूबी धरला न्हाई."

"मग उद्या?"

"अकरा माणसं माझ्या नावावर आल्यात," पोपटराव म्हणाले. "घरी जाऊन त्यांच्या बायकांना काय सांगू? माझी शपथ हुती म्हणून?"

मालविका ऑफिसात परत आली. हॅगन फोटोखाली बसून करंगळी दाबत होता. एकाच्या हातून चेंडू सुटला होता, दुसऱ्याच्या डब्यातून रिव्हेट. दोन्ही गोष्टी या यार्डात फक्त तिला माहीत होत्या. तिने तोंड उघडलं, आणि हॅगन म्हणाला, "काय आहे?" तो आवाज असा होता की तिने टाइपरायटरवर झाकण घातलं.

"तू कशाला जातेस?" शुक्रवारी सकाळी संजीवने विचारलं. "ऑफिसातलं ऑफिसात. सुट्टीच्या दिवशी मी उम्म सैदपर्यंत गाडी काढू?"

"काढ," ती म्हणाली. तिच्या तोंडाकडे पाहून त्याने किल्ल्या उचलल्या.

यार्डामागे खारवट, टणक जमीन होती. अमेरिकनांनी तिथे चुन्याच्या रेघा मारून मैदान केलं होतं. दहा-बारा अमेरिकन पेट्यांवर बसले होते, समोर गँग उभी होती. जालिंदरचं तोंड सुजून भोपळा झालं होतं. पोपटराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आणि हातात हेल्मेट.

"आधीच घेऊन आला!" एक अमेरिकन ओरडला आणि सगळे खिदळले. मालविकाने ते भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

पोपटराव पंचवीस पावलं लांब जाऊन उभे राहिले. हेल्मेट उलटं करून पोटाशी धरलं. हॅगनने ते पाहिलं. "हे काय? हातांनी!"

"हातांनी असं तुम्ही म्हणाला नव्हतात," मालविका म्हणाली. तिलाच तिचा आवाज अनोळखी वाटला.

हॅगनने क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. "ठीक. झेल तो झेल."

पहिला चेंडू गोळीसारखा गेला. पोपटराव हलले नाहीत. चेंडू टोकाकडून हेल्मेटमध्ये शिरला, हेल्मेट त्याच्याबरोबर कमरेमागे गेलं, आणि आवाजसुद्धा झाला नाही. पेट्यांवरचं हसणं थांबलं. दुसरा, तिसरा. चौथा मुद्दाम पायाशी, पाचवा डोक्यावरून. पोपटराव एक पाऊल, दीड पाऊल सरकायचे, हेल्मेट मागे जायचं. सहाव्यानंतर एक म्हातारा अमेरिकन उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. हॅगन ओरडला, "खाली बस!"

नवव्यापर्यंत हॅगनच्या कपाळावर घाम आला होता. थंडीत.

दहावा चेंडू त्याने कुणाकडे फेकलाच नाही. सूर्याकडे फेकला, उंच, आणि पोपटरावांच्या खूप मागे. "अरे, हे काय!" संजीव म्हणाला. पोपटराव वळले. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, पायात जड सेफ्टी शूज, मागे न बघता धावत सुटला. हेल्मेट पोहोचणार नाही हे त्यांना मालविकाच्या आधी कळलं असावं. त्यांनी ते टाकून दिलं. दोन्ही हात वर गेले, बोटं ताणली गेली, आणि ते तोंडावर आपटले.

धूळ बसेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग पोपटराव कुशीवर वळले. चेंडू दोन्ही हातांत होता.

गँगने आरोळी ठोकली. जालिंदर सुजलेल्या तोंडाने शिट्टी मारायचा प्रयत्न करत होता. पण पोपटराव उठले ते रडत होते, आणि हॅगनकडे चालत आले. चेंडू फेकला नाही. त्याच्या हातातही दिला नाही. त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवला आणि निघून गेले.

शनिवारी सकाळी सात वाजता पोपटराव ऑफिसात आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"बाई, त्याला सांगा, माणसं माझी ऱ्हातील. मी जातो. मला वैनीफुडं उभं ऱ्हायचंय."

हॅगन म्हणाला, "तू जिंकलास. कुणी तुला काढलेलं नाही."

"सांगितलं न्हवं, जातो," पोपटराव म्हणाले.

ते गेल्यावर मालविकाने सगळं सांगितलं. पूल, रिव्हेट, रंगनाथ, शपथ. आणि कपाळाला लावण्याचं खरं कारणही. उभ्यानेच सांगितलं. हॅगन ऐकत होता. त्याचा वाकड्या करंगळीचा हात त्या हेल्मेटवर होता.

"हे तू मला ऑक्टोबरमध्ये सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"तरी मी फेकलंच असतं." त्याने हेल्मेट कपाटात टाकलं. "पण तू सांगायला हवं होतंस. आता कामाला लाग."

त्याने शब्द मात्र पाळला. त्यानंतर त्या यार्डात कुणावर काही फेकलं गेलं नाही. हॅगन प्रत्येक वस्तू टेबलावर आपटून ठेवायचा आणि तोंड फिरवायचा. गँगशी तो पुन्हा कधी बोलला नाही, मालविकाशी कामापुरतं. पत्रं तो त्यानंतर स्वतःच दोन बोटांनी टाइप करू लागला.

त्र्याऐंशी साली यार्ड बंद झालं तेव्हा हॅगन अमेरिकेला परतला. आपल्या गावच्या शाळेत तो पोरांना शिकवतो, असं त्या टोपी काढणाऱ्या म्हाताऱ्याने मालविकाला एकदा सांगितलं. कोचने कधी उत्तर दिलं की नाही, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. फोटो भिंतीवरच राहिला होता, ऑफिस पाडलं तेव्हा त्याचं काय झालं कुणी पाहिलं नाही. बाकीची गँग यार्ड बंद होईपर्यंत टिकली. जालिंदर पुढे नजमात ड्रायव्हर झाला, दोन सोन्याचे दात बसवून घेतले आणि शॅकलच्या जागी दर वेळी वेगळी गोष्ट सांगू लागला. शहाऐंशीत तोही गावी गेला. संजीव आणि मालविका अठ्ठ्याऐंशीत नाशिकला परत आले. नाशिकला तिने एका कारखान्यात पुन्हा टायपिंग केलं. दुभाष्याचं काम तिला दोनदा सांगून आलं, तिने घेतलं नाही.

पोपटराव गावी पोचले त्या दिवसाची हकिगत, एकदा सुट्टीवर गावी जाऊन आल्यावर, जालिंदरनेच तिला सांगितली होती. तानूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. पोपटराव बॅग न ठेवता त्यांच्यापुढे बसले आणि म्हणाले, "वैनी, मी झेललं."

"किती?" तानूबाईंनी विचारलं.

"दहा."

त्या थोडा वेळ शेंगा फोडत राहिल्या.

"खाली कोन उभं हुतं?"

"कुनी न्हवतं, वैनी. वाळू हुती."

"मग हात धुऊन ये," तानूबाई म्हणाल्या. "जेवाय बस."